आरोप करणाऱ्याची नावे : प्रस्तावना

दावीद राजाने इस्राएलच्या लोकांची शिरगणती केली. त्यावर देवाचा कोप झाला, देशात साथ पसरली आणि सत्तर हजार माणसे मेली. ही कथा हिब्रू बायबलमध्ये दोनदा येते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील चोविसाव्या अध्यायात शिरगणतीची बुद्धी दावीदाला होते ती खुद्द परमेश्वराकडून, कारण तो इस्राएलवर संतापलेला असतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात हीच कथा पुन्हा सांगितली आहे. सेनापती यवाब तोच, साथ तीच, मेलेल्यांचा आकडाही तोच. तपशिलांतले काही आकडे सोडले, तर खरा बदल आहे तो चिथावणी देणाऱ्याचा. परमेश्वराच्या जागी आता सैतान उभा आहे.

इतिहासाच्या पुस्तकाचा लेखक शमुवेलाच्या पुस्तकाचा आधार घेऊनच लिहीत होता, हे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. तेव्हा हा बदल नजरचुकीचा नाही. या दोन लेखनांच्या मध्ये यरुशलेमचे मंदिर जळाले होते, लोक बाबेलला हद्दपार झाले होते, परतले होते आणि इराणी सम्राटांची प्रजा बनले होते. देवानेच माणसाला पापात ढकलावे आणि मग त्याच पापाची शिक्षाही त्यानेच द्यावी, हे लिहायला उत्तरकाळच्या या लेखकाचा हात धजेना. त्याने दोष दुसऱ्याकडे वळवला आणि त्या दुसऱ्याला नाव दिले.

या पुस्तकाचा सगळा विषय बीजरूपाने त्या एका बदलात आहे. सैतान, दियाबोलोस, अजाजेल, मस्तेमा, बेलियाल, बेलजबूल, सम्माएल, ल्युसिफर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, असे आपण सहसा धरून चालतो. विष्णुसहस्रनाम कानावरून गेलेल्या समाजाला एकाला अनेक नावे असणे नवलाचे वाटत नाही. पण इथे घडले ते उलटे. ही नावे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या गरजांपोटी जन्मली. काही पदाची नावे होती, काही शेजाऱ्याच्या देवाची, एक चक्क आकाशातल्या ताऱ्याचे. ती एका धन्याच्या माथी मारली गेली ती फार नंतर. ती कशी मारली गेली आणि त्यातून माणसांचे काय झाले, हे मराठी वाचकापुढे मांडावे म्हणून हा खटाटोप.

सुरुवात हिब्रू 'सातान' या शब्दापासून करावी लागते. मुळात ते साधे सामान्यनाम आहे. विरोधक, आडवा येणारा, ठपका ठेवणारा असा त्याचा अर्थ. पलिष्टी सरदारांना भीती वाटते की लढाईच्या ऐन वेळी दावीद आपल्यावर उलटेल, आपला 'सातान' होईल. शलमोनाविरुद्ध उठलेला अदोमी राजपुत्र हदाद हाही 'सातान'च. यात भुताखेताचा वासही नाही. गणनेच्या पुस्तकातील बलामाची कथा तर याहून बोलकी आहे. बलाम गाढवीवर बसून निघाला आहे आणि परमेश्वराचा दूत तलवार उपसून वाटेत उभा आहे. बलामाला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती आधी वाट सोडून शेतात शिरते, मग भिंतीला घसटून धन्याचा पाय चेंगरते, शेवटी अंग टाकून खालीच बसते आणि तिन्ही वेळा मार खाते. पुढे बलामाचे डोळे उघडतात, तेव्हा दूत सांगतो की मी तुझा 'सातान' होऊन आलो होतो, तुझी वाट वाकडी होती म्हणून. बायबलच्या पानांच्या क्रमाने पाहिले तर स्वर्गातून आलेला हा पहिला सैतान. तो देवाचा आज्ञाधारक दूत आहे आणि माणसाला चुकीच्या वाटेवरून परतवायला आला आहे.

ईयोबाच्या पुस्तकात हा शब्द दरबारी पोशाख चढवतो. देवाचे पुत्र त्याच्यापुढे हजर होतात आणि त्यांच्यात 'हा-सातान' असतो. 'हा' हे हिब्रू भाषेतले निश्चयवाचक उपपद आहे आणि ते व्यक्तिनामाला लागत नाही. तेव्हा हे पद समजायचे, आपल्याकडे कोतवाल हे जसे पद होते तसे. हा अंमलदार पृथ्वीवर हिंडून फिरून आला आहे आणि त्याला एकच शंका आहे : ईयोब देवाला भितो, पण फुकट भितो का? त्याची मुलेबाळे, गुरेढोरे काढून घेतली तर त्याची भक्ती टिकेल का? प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, पण गैरवाजवी म्हणता येत नाही. शिवाय देवाच्या परवानगीवाचून तो काडीही हलवत नाही. इ.स.पू. ५२० च्या सुमारास, मंदिराची फेरउभारणी चालू असताना, जखऱ्या संदेष्ट्याला दृष्टान्त झाला. त्यातही हाच अंमलदार मळकट वस्त्रांतल्या महायाजकाच्या उजव्या हाताला उभा राहून आरोप मांडतो. फरक एवढाच की या वेळी देव त्याला झिडकारतो. पदावरचा माणूस धन्याच्या मर्जीतून उतरू लागल्याची ही पहिली खूण.

इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत नावांचे पीक आले आणि त्यामागची निकड समजण्यासारखी आहे. देव एकच असेल, तो न्यायी असेल आणि तरीही सज्जनांवर परक्यांचा वरवंटा फिरत असेल, तर हे करतो कोण? 'हनोखाचे पुस्तक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाने उत्तर दिले की काही देवदूत पृथ्वीवरच्या स्त्रियांवर भाळून हर्मोन पर्वतावर उतरले. ते दोनशे होते. त्यांच्यातल्या अजाजेलने पुरुषांना तलवारी, सुऱ्या, ढाली घडवायला शिकवले आणि स्त्रियांना दागिने व डोळ्यांत घालायचे अंजन. शस्त्र आणि शृंगार दोन्ही एकाच गुरूकडून आले, असे या ग्रंथाचे म्हणणे. शेवटी राफाएल देवदूत अजाजेलचे हातपाय बांधून त्याला वाळवंटात अणकुचीदार दगडांखाली गाडतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत या ग्रंथाचे अरामी तुकडे सापडले, पण तो सबंध टिकला इथिओपियाच्या गीझ भाषेत. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलमध्ये तो आजही आहे.

अजाजेल हे नाव मात्र त्याहून जुने. लेवीयाच्या पुस्तकातील सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात, एक परमेश्वरासाठी आणि एक अजाजेलसाठी. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडतात. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात या विधीचे पुढचे रूप बारकाईने नोंदले आहे : लाल लोकरीच्या धाग्याचा अर्धा भाग खडकाला बांधायचा, अर्धा बकऱ्याच्या शिंगांमध्ये, मग त्याला मागे कड्यावरून लोटायचे. अजाजेल हे रानातल्या कुणा भुताचे नाव की त्या जागेचे, यावर जुन्या काळापासून वाद आहे. प्रायश्चित्ताचा हा दिवस आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी पिढ्यान्‌पिढ्या 'दारफाळणीचा सण' म्हणून पाळत आले. दिवसभर उपवास, पांढरी वस्त्रे आणि बंद केलेली दारे. पुन्हा उभारलेले यरुशलेमचे मंदिरही पुढे नष्ट झाले, त्याबरोबर बकरा आणि कडा गेले, दिवस मात्र रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांपर्यंत पोहोचला.

मस्तेमा हे नाव फारसे कुणाच्या ओळखीचे नाही, पण माझ्या मते ते सर्वांत जास्त शिकवणारे आहे. हिब्रूत मस्तेमा म्हणजे वैर. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या 'जुबिलींच्या पुस्तका'त ते दुष्ट आत्म्यांच्या सरदाराचे नाव बनते. जलप्रलयानंतर देव साऱ्या दुष्ट आत्म्यांना कोंडू लागतो, तेव्हा मस्तेमा विनंती करतो की माझ्या कामापुरते काही मागे ठेव. देव दहावा हिस्सा ठेवतो. निर्गमाच्या पुस्तकात मोशेला वाटेत गाठून ठार मारू पाहतो तो परमेश्वर. जुबिलींमध्ये ते कृत्य मस्तेमाचे होते. अब्राहामाने आपल्या मुलाचा बळी द्यावा ही परीक्षाही मस्तेमाच्या सांगण्यावरून घेतली जाते. शिरगणतीच्या कथेत एका वाक्यापुरते घडलेले इथे पद्धतशीर घडते. देवाच्या चरित्रातली जी जी पाने वाचताना भक्ताला अवघडल्यासारखे होते, ती दुसऱ्याच्या नावावर चढवली जातात.

बेलियालचीही वाटचाल अशीच आहे. हिब्रू बायबलमध्ये 'बेलियालचे पुत्र' म्हणजे कवडीमोलाची, नालायक माणसे. एली याजकाची मंदिरातल्या मांसावर ताव मारणारी मुले अशी म्हटली गेली. १९४७ पासून कुमरानजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांत मात्र बेलियाल हा अंधाराच्या फौजेचा सेनापती आहे. प्रकाशाचे पुत्र त्याच्याशी शेवटचे युद्ध करणार आहेत आणि त्यासाठी कोणत्या पताकेवर काय लिहायचे इथपर्यंतच्या सूचना तयार आहेत. अस्मोदी तर सरळ इराणहून आला. तोबीतच्या पुस्तकात तो सारा नावाच्या मुलीच्या सात नवऱ्यांना लग्नाच्या रात्रीच मारतो आणि माशाच्या काळजाच्या व यकृताच्या धुराने पळतो. त्याच्या नावामागे अवेस्तेतला 'अएष्म' हा क्रोधाचा दैत्य आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुंबईतल्या पारशी अग्यारींत ज्या अवेस्तेचे पठण होते, त्याच परंपरेतला हा दैत्य.

बेलजबूल हे शेजाऱ्याच्या देवाचे नाव. शोमरोनचा राजा अहज्या माडीच्या जाळीतून पडून जायबंदी होतो आणि बरा होईन की नाही हे विचारायला एक्रोनच्या पलिष्टी देवाकडे माणसे पाठवतो. त्या देवाला हिब्रू लेखक 'बाल-जबूब' म्हणतो, म्हणजे माश्यांचा धनी. मूळ नाव 'बाल-जबूल' असावे. प्राचीन उगारित नगराच्या उत्खननात मिळालेल्या मृत्तिकाफलकांवर बाल या देवाला 'जबूल', म्हणजे सरदार, ही पदवी लावलेली दिसते. एका अक्षराच्या फेरफाराने शेजाऱ्याच्या देवाची अशी टवाळी झाली. काही शतकांनी शुभवर्तमानांत शास्त्री लोक येशूवर आरोप करतात की हा भुते काढतो ती भुतांच्या सरदाराच्या, बेलजबूलच्या, जोरावर. एके काळी ज्याच्याकडे आजारी माणसे कौल लावायला जात, तो आता भुतांचा राजा झाला होता.

ग्रीक भाषेने या साऱ्याला नवे वळण दिले. आलेक्सांद्रियातल्या यहुद्यांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून आपली शास्त्रे ग्रीकमध्ये आणली आणि 'हा-सातान'साठी 'दियाबोलोस' हा शब्द घेतला. अर्थ चहाडी करणारा, निंदक. हाच शब्द लॅटिनमार्गे पोर्तुगीजांचा 'दियाबो', फ्रेंचांचा 'दियाब्ल' आणि इंग्रजांचा 'डेव्हिल' झाला. तरी जुना साधा अर्थ लगेच मेला नव्हता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी चहाडखोर नसावे असे म्हटले आहे. तिथला ग्रीक शब्द 'दियाबोलोस'चेच अनेकवचन आहे.

नव्या करारात 'सतानास', 'दियाबोलोस', 'तो दुष्ट', 'परीक्षा पाहणारा', 'या जगाचा अधिपती' अशी नावे व विशेषणे शेजारी शेजारी येतात. त्यांना एकत्र बांधले ते प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायाने. मोठा अजगर, प्राचीन साप, दियाबोलोस, सैतान आणि साऱ्या जगाला ठकवणारा हा सगळा एकच आहे, असे तिथे एका दमात सांगितले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या एदेन बागेतला साप सैतान होता, असे त्या मूळ कथेत कुठेही म्हटलेले नाही. पुढच्या दोन हजार वर्षांच्या वाचकांनी तो तसा पाहिला, यात या अध्यायाचा वाटा मोठा आहे.

ल्युसिफरची कथा सर्वांत विलक्षण, म्हणून तिला या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाची टर उडवणारे शोकगीत आहे. आकाशात चढून देवाची बरोबरी करू पाहणारा हा राजा पाताळात कोसळतो आणि कवी त्याला 'हेलेल बेन शाहर', पहाटेचा पुत्र तेजस्वी तारा, म्हणून हाक मारतो. सूर्य उगवताच निस्तेज होणारा शुक्रतारा कवीच्या डोळ्यांपुढे आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने या ओळींना सैतानाच्या पतनाची कथा मानले. सैतान आकाशातून विजेसारखा पडताना मी पाहिला, हे लूकच्या शुभवर्तमानातले येशूचे उद्गारही त्याला जोडले गेले. इ.स. ४०० च्या सुमारास जेरोमने लॅटिन भाषांतर केले, तेव्हा 'हेलेल'साठी त्याने शुक्रताऱ्याचा रूढ लॅटिन शब्द वापरला : 'ल्युसिफर', म्हणजे प्रकाश आणणारा.

या शब्दात तेव्हा काहीही अभद्र नव्हते. त्याच लॅटिन बायबलमध्ये पेत्राच्या दुसऱ्या पत्रात भक्तांच्या हृदयात उगवणारा तारा 'ल्युसिफर'च आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन स्तोत्रात हा शब्द ख्रिस्तासाठी येतो. चौथ्या शतकात सार्डिनियातल्या काल्यारी शहराचा बिशप ल्युसिफर नावाचा होता आणि कडवा सनातनी म्हणून गाजला. पुढे दान्तेने नरकाच्या तळाशी बर्फात रुतलेला तीन तोंडांचा ल्युसिफर दाखवला, १६११ च्या इंग्रजी बायबलने हा लॅटिन शब्द जसाच्या तसा ठेवला आणि १६६७ साली मिल्टनचे महाकाव्य आले. पहाटेचा तारा कायमचा काळवंडला. मधल्या काळात सोळाव्या शतकात कॅल्विनने यशयाच्या त्या ओळी बाबेलच्या राजाविषयीच आहेत असे स्पष्ट बजावले होते, पण लोकांच्या मनातले चित्र त्याला पुसता आले नाही.

यहुदी परंपरा इथून वेगळ्या वाटेने गेली, हे विसरले जाते. देवाविरुद्ध बंड करून पडलेला सम्राट रब्बींनी आपल्या शिकवणीच्या केंद्रस्थानी कधी बसवला नाही. सम्माएल हे नाव त्यांच्याकडे आहे, पण तो बहुधा आरोप करणारा आणि प्राण न्यायला येणारा दूत आहे. तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथात रेश लाकीश या पंडिताचे मत नोंदले आहे की सैतान, माणसाच्या मनातली दुष्ट ओढ आणि मृत्यूचा दूत हे तिन्ही एकच. एका वाक्यात त्याने सैतानाला आकाशातून खाली आणून माणसाच्या छातीत बसवले. तालमूदमध्येच 'हा-सातान' या अक्षरांची बेरीज मांडली आहे. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्ये असतात. ५, ३००, ९ आणि ५० मिळून ३६४ होतात. वर्षाचे ३६४ दिवस त्याला आरोप करायची मुभा आहे आणि एक दिवस नाही, तो प्रायश्चित्ताचा दिवस. म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएलांच्या घरची दारे ज्या दिवशी लागत, त्या दिवशी तालमूदच्या हिशेबाने वरच्या न्यायालयात फिर्यादीची जागा रिकामी असते.

इथपर्यंतचा इतिहास ग्रंथांतला आहे. पण नावे ग्रंथांत राहत नाहीत. १५८९ साली जर्मनीतल्या ट्रिअरचा उपबिशप पेटर बिन्सफेल्ड याने सात पापांना सात सैतान वाटून दिले. गर्वाला ल्युसिफर, लोभाला मॅमन, कामाला अस्मोदी, क्रोधाला सैतान, मत्सराला लेव्हियाथान, खादाडपणाला बेलजबूब आणि आळसाला बेलफेगोर. एवढे वाचून हा पांडित्याचा खेळ वाटेल. परंतु ही यादी ज्या ग्रंथपरंपरेतली, तिचा विषय होता चेटकिणींचे कबुलीजबाब आणि ते किती खरे मानावेत हा. त्याच वर्षांत ट्रिअरच्या मुलखात माणसे जाळली जात होती आणि बिन्सफेल्ड त्या खटल्यांचा मोठा पाठीराखा होता. यहुद्यांच्या वाट्यालाही हेच आले. योहानाच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायात येशू आपल्या यहुदी विरोधकांना दियाबोलोसाची लेकरे म्हणतो. एका यहुद्याने इतर यहुद्यांशी घातलेल्या वादातले हे शब्द पुढे सत्ताधारी ख्रिस्ती समाजाने साऱ्या यहुदी समाजावर लादले. इलेन पेगल्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की सैतान हे नाव दूरच्या शत्रूपेक्षा जवळच्या, आपल्यातल्याच विरोधकाला अधिक चिकटवले गेले.

आपल्या भूमीवरही याचा दाखला आहे. गोव्यातल्या अनेक गावांत देवचार हा गावाचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री सीमेवरून त्याची फेरी. लोक त्याला रोट ठेवतात, गाऱ्हाणे घालतात. त्याच गोव्यात ख्रिस्ती लोकांच्या कोंकणीत मात्र देवचार म्हणजे सैतान. पोर्तुगीज पाद्र्यांना 'दियाबो'साठी देशी शब्द हवा होता आणि तो त्यांनी गावच्या वेशीवरून उचलला. एक्रोनच्या देवाचे जे झाले, तेच सीमेवरच्या या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे झाले. आपण मराठीत वापरतो तो 'सैतान' शब्द तिसऱ्याच वाटेने, अरबीतून फारसीमार्गे आला. दंगेखोर पोराला आई सैतान म्हणते त्यात मायाही असते. नावे बोलणाऱ्याच्या मनाप्रमाणे विष होतात किंवा लाड होतात.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात हिब्रू बायबल, दुसऱ्यात दोन करारांमधला काळ, तिसऱ्यात नवा करार व चर्चपिते, चौथ्यात रब्बी आणि पाचव्यात नावांचा समाजातला वापर. मराठी बायबलमध्ये रुळलेली नावे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. सैतान खरोखर आहे की नाही, या प्रश्नात हे पुस्तक शिरत नाही. श्रद्धाळू वाचकाला आणि अश्रद्ध वाचकालाही नावांचा हा प्रवास तितकाच तपासता येईल.

वाचकाला एकच विनंती आहे. पुढच्या पानांत कोणतेही नाव आले की तीन प्रश्न विचारावेत : हे नाव कोण घेतो आहे, कोणाविरुद्ध घेतो आहे आणि त्या वेळी सत्ता कोणाच्या हातात आहे? कुमरानच्या वाळवंटात मूठभर पिचलेल्या लोकांनी बेलियालला शाप दिला, तो त्यांचा तग धरण्याचा मार्ग होता. ट्रिअरमध्ये तशीच नावे न्यायाधीशांच्या तोंडी आली, तेव्हा सरपण रचले गेले. मूळ शब्दाचा अर्थ आरोप करणारा असा होता, हे ध्यानात ठेवले तर या इतिहासातली सर्वांत कटू गोष्ट आपोआप उघड होते. हाती सत्ता असताना ज्यांनी दुबळ्या शेजाऱ्याला सैतान म्हटले, त्या घडीला ते काम ते स्वतःच करत होते.